कवळतोड

आमचं ऑफिस परळला, नवव्या मजल्यावर. उपग्रहाची दर महिन्याची चित्रं शेजारी शेजारी ठेवायची आणि सह्याद्रीतलं सदाहरित जंगल कुठे कमी झालं ते शोधायचं, हे आमचं काम. झाडी गेलीशी वाटली की संगणक पिवळा ठिपका टाकतो. तो खरा की खोटा, हे माणसाने ठरवायचं. त्यात मी पटाईत होते, ती येईपर्यंत.

ती दादरची, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ढगाची सावली कुठली आणि तुटलेलं रान कुठलं, हे बोलता बोलता सांगायची. सर पूर्वी माझ्या टेबलापाशी उभं राहून चहा प्यायचे, आता तिच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात ती स्वभावाने चांगली. डब्यातली कोलंबी आधी मला वाढायची. जळायला समोरचं माणूस निदान खडूस तरी असावं, तेवढीही सोय तिने ठेवली नव्हती.

त्या वर्षी गटप्रमुखाची जागा रिकामी झाली. मला ती हवी होती, अगदी मनापासून. सर म्हणाले, रत्नागिरीकडचा नकाशा हिला करू दे, मग ठरवू. त्या नकाशात दाट जंगलाच्या कडेला, एका गावाच्या वर, ठिपक्यांची रांगच होती. तिने मला बोलावलं.

"तुझं गाव तिकडचंच ना? हे काय असेल गं?"

मला बघताक्षणी कळलं. ती कवळतोड होती. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जमीन भाजतात, त्यासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या उतरवतात. झाड बोडकं होतं, मरत नाही. पावसात परत पालवतं. उपग्रहाला फक्त बोडकं दिसतं.

"जंगलतोडच दिसतेय," मी म्हटलं.

नकाशा सरांपुढे गेला की मी हळूच चूक दाखवणार होते. दोन दिवस मी भलतीच खुशीत होते.

शनिवारी ती लालबागला आमच्या घरी आली. मी मसाला कुटून आणायला गेले होते. परतले तर ती आईशेजारी जमिनीवर बसून, एकदा खात्री करून घ्यावी म्हणून, लॅपटॉपवर तेच चित्र दाखवत होती.

"अगो, ही कवळतोड," आई सांगत होती. "लग्नाआधी मी डोक्यावरनं भारे आणलेत. झाडं मारलीत कुठं?"

सोमवारी तिने सगळे ठिपके पुसले आणि अहवालात आईचा शब्द जसाच्या तसा घातला. खाली आभार मानले, आईचे आणि माझेही. सर खूश झाले. जागा तिला मिळाली. पेढे घेऊन ती आधी माझ्याकडे आली, आणि तो पेढा मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

घरी आई लसूण सोलत होती. तिला बातमी सांगितली.

"गुणाची पोर," ती म्हणाली. मग, "आधी तुला इचारलान म्हणत होती. लहानपणी दर वर्षी बघायचीस की तू. वळखता नाय आलं?"

"आलं होतं."

आईचे हात थांबले. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली, "पोरीनं मला इचारलान."