पडद्यावरचा चहा

पडद्यावर कुणी चहा पीतच नाही. मी काही जाणकार प्रेक्षक नव्हे, समोर लागेल ते बघतो. पण एवढं माझ्या लक्षात आलंय. कौटुंबिक मालिकेत सून ट्रे घेऊन आली की भांडण सुरू होतं. पोलिसांच्या सिनेमात साहेबांचा चहा टेबलावर निवत राहतो. पुरस्कारवाल्या सिनेमात तर कप बराच वेळ नुसता खिडकीत असतो, आणि त्याचा अर्थ आपण लावायचा!

काल संध्याकाळी मालिकेतल्या नायिकेला नवरा गेल्याचा फोन आला. तिच्या हातून कप पडला, आणि तो फुटताना तीन बाजूंनी दाखवला. माझ्या शेजारी आई बसली होती.

बाबा गेले त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटायची नव्हती, म्हणून शेजारच्या काकूंनी किटलीभर चहा आणला. आदल्या सकाळपासून आई बाबांच्या उशाशी बसून होती, पोटात काही नव्हतं. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि ती शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायली. जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

हा प्रसंग कुठला दिग्दर्शक घेईल? पडद्यावरच्या दुःखाच्या हातून कप पडतात. घरातल्या दुःखाला तहान लागते.

नायिका रडत रडत काचा वेचू लागली, तेव्हा आई हळूच म्हणाली, "अरे, तिला दुसरा कप द्या कुणीतरी. रडायला सगळा जन्म पडलाय."