सात झऱ्यांचा नकाशा

डोंगरआत्याची शाळा चालता चालता भरायची. पूर्वजांच्या डोंगरावर जमातीची मुलं तिच्यामागून फिरायची आणि आत्या एकेका जागी थांबून तिथली गोष्ट सांगायची. नियम एकच, पण कडक. ज्या जागेची गोष्ट, ती त्याच जागेवर उभं राहून. घरात बसून कुणी विचारलं, की आत्या कानांवर हात ठेवायची.

हा नियम तिने जन्मात एकदाच मोडला, तोही सख्ख्या भाच्यासाठी. लहानपणी तिच्या खांद्यावर बसून डोंगर पाहिलेला हा पोरगा आता शहरात जमीनमोजणीच्या कचेरीत होता. आत्याचे सुजलेले गुडघे बघून तो हळहळला.

"आत्या, तुझ्यानंतर हे सगळं बुडेल गं. मुलांसाठी पुस्तक करू. तू सांग, मी लिहितो."

आत्या विरघळलीच. तीन दिवस खुर्चीत बसून तिने सगळं सांगून टाकलं, भर उन्हाळ्यातही न आटणाऱ्या सात झऱ्यांसकट. भाचा मान डोलावत कागदावर खुणा करत होता.

पुस्तक काही आलं नाही, कुंपण मात्र आलं. बाटल्यांत पाणी भरून विकणाऱ्या कंपनीने नेमका सात झऱ्यांचाच भाग विकत घेतला होता. पहारेकऱ्याने मुलांना फाटकावर अडवलं, तेव्हा आत्याला वाटलं, बिचाऱ्याचा काहीतरी गैरसमज झालाय. इतकी ती भोळी!

आठवड्याने भाचा रंगीत नकाशा घेऊन घरी आला. मुलं तिथेच बसली होती.

"नोकरीचा प्रश्न होता आत्या. कंपनीला हा नकाशा मी नाही तर दुसऱ्या कुणीतरी दिलाच असता."

"दुसऱ्याला झरे कुणी दाखवले असते रे?"

त्याने नकाशा भिंतीवर लावला. "मुलांना यावरून शिकव ना."

"तूच शिकव."

त्याने शिकवलं, आणि झकास शिकवलं. गोष्टी तिच्याच, थांबायच्या जागाही तिच्याच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मुलं रंगून गेली. आत्याने मात्र ज्याला जीव लावून घडवलं, त्यानेच तिचा गळा कापला होता.

तेवढ्यात सगळ्यांत धाकटी पोर उठली आणि भाच्याचा हात धरून म्हणाली, "चल, झरे दाखव."

भाच्याने आत्याकडे पाहिलं. लहानपणी तो अडला, की पुढचं ती सांगायची.

आज ती गप्प बसली.