मित्रराष्ट्राचा बदली मंत्री

प्रस्तुत लेखकाने आजवर लग्नांतून दुसऱ्यांच्या चपला घालून आणल्या, सोसायटीच्या फळ्यावर जिवंत माणसाच्या नावापुढे 'कै.' लिहिलं, पण दोन मित्रराष्ट्रांच्या संरक्षण कराराची माती त्याने एकदाच केली. गोरेगावच्या एका मोठ्या सभागृहात संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या, सकाळी रंगीत तालीम होती. भाषणांचं मराठी करायला नेमलेल्या लेखकाकडे टेबल मांडायचं कामही आलं. दोन निळ्या फायली होत्या. एकीत कोरे कागद, दुसरीत करार. लेखकाने मोठ्या आत्मविश्वासाने नेमकी दुसरी ठेवली.

मित्रराष्ट्राच्या मंत्र्यांच्या खुर्चीत तालमीपुरता अनंत बसला होता. मंत्री सहा फूट दोन इंच, अनंतही तेवढाच. हिरो मेकअप करून येईपर्यंत स्टुडिओत त्याच्या जागी उभं राहून अंगावर दिवे लावून घ्यायचे, हा त्याचा धंदा. मूळचा तो टर्नर. विक्रोळीच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं त्याने लेथवर तोफांचे सुटे भाग केले, ते याच मित्रराष्ट्रासाठी. मग मित्राने मैत्री तेवढी ठेवली आणि आयातशुल्क दुप्पट केलं. ऑर्डर गेली, अनंत घरी.

"आजच्या करारात ते शुल्क काढतायत, साहेब," तो सांगत होता. "मालक म्हणाले, सोमवारी ये. फक्त पोलिसांचा दाखला आण. डिफेन्सचं काम ना! दाखल्याशिवाय फाटकाच्या आत घेत नाहीत."

"झकास! मग करा सही."

"खरंच करू?"

"बिनधास्त! आज तुम्हीच मंत्री!"

अनंतने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत सही केली: अनंत सखाराम वाघचौरे. मग कॅमेऱ्याकडे बघून हसला. तेवढ्यात एका अधिकाऱ्याने पान पाहिलं आणि किंचाळला.

तासाभरात नवी प्रत आली. मैत्री वाचली, अनंतची वाट लागली. पोलिसांनी नऊ तास बसवलं.

"फाइल कुणी दिली?"

"एक साहेब होते. चष्मेवाले."

सभागृहात चष्मेवाले साहेब सतरा निघाले. अठरावा, चष्मा खिशात घालून, मागच्या बाजूला वडा खात होता.

दाखल्यावर शेरा पडला: 'आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाशी छेडछाड.' सोमवारी कारखाना सुरू झाला, अनंत फाटकावरून परत आला.

महिन्याभराने लेखक पेढे घेऊन त्याच्या चाळीत गेला. बायकोने, शकुने, दार उघडलं.

"या. मंत्री घरीच असतात हल्ली."

पलीकडच्या कारखान्यातून लेथचा आवाज येत होता. तीन पाळ्यांत काम चाललं होतं. अनंत खिडकीकडे पाठ करून बसला होता. लेखकाला गहिवरून आलं.

"अनंतराव, मी जाऊन कबूल केलंच असतं हो. पण पुढच्या आठवड्यात शिष्टमंडळाबरोबर तिकडे जायचंय, आता कुठे नाव पुढे आलंय. आणि तुम्ही! नऊ तासांत माझं नाव तोंडातून काढलं नाहीत! असं मन कुठून आणता?"

अनंतने पेढ्यांचा पुडा न उघडताच परत सरकवला.

"माहीत असतं तर पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं."