सरव्याचं पोतं

गेल्या शनिवारी आमच्या पिंपळगाव राजाच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून मी चर्चमध्ये द्यायचा रविवारचा संदेश लिहीत होते... आणि तो माझ्याच अंगावर आला.

आधी थोडं मागचं सांगते. मी खामगावला शाळेत शिकवते. शेत वडिलांचं, चार एकर. ते गेल्यापासून मी आणि गावातले सुभाषभाऊ मिळून बघतो.

पीक निघालं की आमच्या चर्चमध्ये एक खास उपासना असते. ज्याच्या शेतात जे पिकलं ते त्याने वेदीपुढे आणून ठेवायचं. कोणी ज्वारी आणतं, कोणी पेरू... एकदा एकाने जिवंत कोंबडा आणला होता आणि तो बरोबर प्रार्थनेच्या मध्येच आरवला.

आमच्या घरून सोयाबीनचं पोतं जातं. वडील मळणीचं पहिलं पोतं बाजूला काढायचे, मगच बाकीच्या मालाला हात लावायचे. यंदा मी पावसाच्या धास्तीने हार्वेस्टर लावला... माल मशीनमधून ट्रॉलीत आणि ट्रॉली थेट मार्केटला. बुधवारी पाळकसाहेबांचा फोन आला की रविवारी उपासना आहे आणि संदेश तुम्ही द्या, तेव्हा कुठे पोत्याची आठवण झाली.

विकत आणून देवापुढे ठेवायला मन धजेना. मग डोकं चालवलं. शेतात सरवा तर होताच... म्हणजे पीक काढल्यावर जमिनीवर राहिलेल्या शेंगा. आमच्याकडे तो गावातल्या बाया वेचून नेतात. त्या कोणाला विचारत नाहीत आणि त्यांना कोणी अडवत नाही.

मी सुभाषभाऊंना सांगितलं, रविवारपर्यंत कोणाला शेतात येऊ देऊ नका. मजुरीने एक बाई लावा, दोन दिवसांत पोतंभर शेंगा निघतील. देवाचं काम आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार...

शनिवारी सकाळची शाळा करून शेतात गेले, तर वेचायला शांतामावशी. दरवर्षी आमच्या शेतातला सरवा बहुतेक त्याच नेतात. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच आहेत, सरवा विकून हिवाळ्याचं तेल भरतात. यंदा त्याच शेंगा त्या माझ्या पोत्यात टाकत होत्या. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही... हे लिहिताना आता लाज वाटते.

बरं, संदेशासाठी मी निवडलं काय होतं? आमच्या शास्त्रातली, म्हणजे बायबलातली सासू-सुनेची गोष्ट. दोघी विधवा, घरात दाणा नाही, सून परक्या मुलखातली... आणि ती पोटासाठी एका भल्या माणसाच्या शेतात सरवा वेचायला जाते. शास्त्रातही सरवा, समोरही सरवा. तरी माझी ट्यूब पेटली नाही.

दुपारी जेवायला बसलो. शांतामावशींनी वहीकडे बघून विचारलं, "काय लिहून राह्यल्या मॅडम?" त्या बौद्ध, आमच्या चर्चशी त्यांचा काही संबंध नाही, पण गोष्ट ऐकायला त्यांना आवडते. मीही रंगवून सांगितली. त्या मालकाने आपल्या माणसांना कसं बजावलं, तिला अडवू नका, उलट पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली पडू द्या...

त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "मंग त्या मालकानं देवाले कोनतं पोतं नेलं?"

खोचकपणे नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी मोबाईलवर सगळी गोष्ट परत वाचली. तसं काही लिहिलेलंच नाही. इतकी वर्षं संडे स्कूल घेते, पण हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. मी वही मिटली.

काम तिथेच थांबवलं. दोन्ही दिवसांची मजुरी हातात दिली आणि म्हटलं, पोतंही तुम्हीच न्या. त्यांनी सरळ नकार दिला. "मजुरी घेतली न म्या! आता पोतं कसं नेऊ? लोकं काय म्हंतीन?"

त्यांचंही बरोबरच होतं. सुभाषभाऊंना सांगितलं, उद्यापासून ज्यांना यायचं त्यांना येऊ द्या, मशागतीचा रोटाव्हेटर चार दिवस थांबवा. "हरभऱ्याले उशीर होईन न मॅडम," ते कुरकुरले. होईल, म्हटलं.

पोतं स्कूटीवर ठेवायला उचललं आणि शास्त्रातलाच आणखी एक नियम आठवला. शेतात पेंढी विसरून आलात तर ती आणायला परत जायचं नाही... ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. पोतं धुऱ्याला टेकवलं आणि स्कूटी चालू केली. आयुष्यात पहिल्यांदा ठरवून काही विसरले. खामगाव येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

रविवारी वेदीपुढे मी परसातला एक दुधी ठेवला. एवढ्या पोत्यांमध्ये तो बिचारा केविलवाणाच दिसत होता. एका काकूंनी विचारलं, यंदा सोयाबीन झालं नाही का? झालं, म्हटलं... शेतातच आहे. संदेश सात मिनिटांत आटोपला, त्यामुळे लोक खूश होते.

दुपारी शांतामावशींचा फोन आला. "मॅडम, पोतं इथंच इसरल्या तुमी. सुभाषभाऊच्या घरी ठिवू काय?" मी म्हटलं, शेतात विसरलेलं परत न्यायचं नाही, असा आमच्या शास्त्रात नियम आहे. आता ते तुमचं.

त्या हसल्या. "हाव काय? मंग दरसाली इसरत जा."

विसरायचं लक्षात ठेवलंय, मावशी. आणि त्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार... उत्तर मला अजून सापडलेलं नाही.