सव्वाशेच्या गटातली वैनी

मोटारसायकलींच्या शर्यतीत गट कसे पाडावेत हे कुणी मला विचारेल, असं कधी वाटलं नव्हतं. आठवीत माझी शाळा सुटली. मी भंडाऱ्याकडचा. गावातल्या पोरांबरोबर फाउंड्रीत कामाला म्हणून कोल्हापूरला आलो. ती पोरं वर्षभरात परत गेली, मी राहिलो. राहिलो तो उद्यमनगरातल्या एका बोअरिंगच्या दुकानामुळे. मालकांनी आधी हातात झाडू दिला, मग ऑइलचा डबा, आणि एके दिवशी थेट मशीनपुढं उभं केलं. "घे. तुझा हात हलका हाय." एवढंच म्हणाले. आजही काम करताना मधूनच मागं वळून बघतो, त्यांनी विचार बदलला तर नाही ना म्हणून.

बोअरिंग म्हणजे काय ते सांगतो. इंजिन झिजलं की सिलिंडरचं आतलं भोक वेडंवाकडं होतं. ते आम्ही मशीनवर केसभर मोठं करून पुन्हा गोल करतो आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवतो. पहिल्या खेपेला पंचवीसचा, मग पन्नासचा, मग पंच्याहत्तरचा आणि शेवटी शंभरचा. शंभरचा म्हणजे मूळ मापापेक्षा एक मिलिमीटर मोठा. त्याच्या पुढं बाजारात पिस्टन मिळत नाही.

वैनींची गाडी माझ्याच हातून दोनदा बोअर झालेली. मुरगूडच्या अलीकडं त्यांचं गाव. गावातल्या गोठ्यांतून दूध गोळा करायचं, सव्वाशे सीसीच्या जुन्या गाडीला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवायच्या आणि कोल्हापुरात घरोघरी घालायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. नवरा सोसायटीत शिपाई, गाडीच्या मागं बसायलाही घाबरतो. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा म्हणाल्या, "काय ओ पावणं, हिचा धूर बघा की. गल्लीत म्हणत्यात, दूध आलं न्हाई, धुराडं आलं." मी इतकी वर्षं इथं आहे, पण त्यांच्यासाठी पावणाच. मला टायफॉइड झाला तेव्हा रोज तांब्याभर दूध खोलीवर ठेवून जायच्या, आणि पैशाचा विषय काढला की गाडीला किक मारायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांना सलायची. दुसऱ्याच्या म्हशींचं दूध वाहून टायर झिजले, पण स्वतःच्या दावणीला म्हैस नाही.

त्या वर्षी त्यांच्या गावच्या तरुण मंडळानं मोटोक्रॉस घ्यायचं ठरवलं. ऊस तुटून गेलेलं मोकळं रान, ट्रॅक्टरनं ओढलेले मातीचे ढिगारे, त्यावरून उड्या मारत गाड्या पळवायच्या. गावात एक आबा आहेत. उभा जन्म बैलगाडा शर्यतीत गेलेला, पोरांच्या कुठल्याही कामात त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. त्यांनी सगळ्यात लहान गटाला बक्षीस म्हणून आपल्या गोठ्यातली वगार, म्हणजे अजून न व्यालेली लहान म्हैस, जाहीर केली. "बारक्या गाडीवर बसतो त्येलाच म्हशीची किंमत," म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी वैनी दुकानाच्या दारात. "मालक, ती वगार मी नेणार. गाडी बघून ठेवा." मालक हसले. वैनी हसल्या नाहीत.

माप घ्यायला जाणती माणसं हवीत म्हणून मंडळाच्या बैठकीला मालकांना बोलावणं आलं. ते मलाही घेऊन गेले. तालमीच्या कट्ट्यावर सगळे जमलेले. अध्यक्ष म्हणजे विशीतला पोरगा, नवीकोरी सव्वाशे घेतलेला. वैनी पोरांच्या मध्येच मांडी घालून बसलेल्या. अध्यक्षानं खडूनं फळ्यावर गट लिहिले. सव्वाशे सीसीपर्यंत, दोनशेपर्यंत आणि त्याच्या वर खुला.

"आणि माझी टू-स्ट्रोक?" एकानं विचारलं. "शंभरचीच हाय. बारक्यात घाला."

मालक म्हणाले, "टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटती, फोर-स्ट्रोक एक सोडून एक. तुझी शंभरची ह्यांच्या दीडशेला भारी. वरच्या गटात जा."

"म्हंजे दोनदा जेवणारा गडी," आबा म्हणाले. "त्येला एकदा जेवणाऱ्यासंगं कशाला सोडायचं?"

मग एक जाडजूड पोरगा उठला. गट गाडीवर नको, माणसाच्या वजनावर पाडा, आमच्या तालमीत तसंच करतात, म्हणाला. "मग तुला टँकरच्या गटात घालू की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि कट्टा हसून लोळला.

मी फळ्यावरचा 'सव्वाशे' बघत होतो.  शर्यतीच्या दिवशी कुणी हरकत घेतली तर? वैनी जिंकून वगारीचा कासरा हातात घेतल्यावर कुणी म्हणालं, ही गाडी सव्वाशेची नाही, तर? त्यापेक्षा आत्ताच विषय निघालेला बरा, असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "एक सांगू का जी? बोअर केलेली सव्वाशे, सव्वाशे राहत नाही."

सगळे माझ्याकडं वळले.

"भोक मोठं झालं की सीसी वाढते जी. पन्नासच्या पिस्टनला दोन-अडीच."

अध्यक्ष वैनींकडं बघून म्हणाला, "वैनी, तुमची गाडी बोअर झालीय न्हवं?"

"दोनदा. ह्या पावण्यानंच केलीय."

"मग तुमी दोनशेच्या गटात."

दोनशेचा गट म्हणजे शहरातून येणारी पोरं, खास मातीच्या टायरच्या उंच गाड्या. त्यात वैनींची दुधाची गाडी म्हणजे धुळीत माखून घरी येणं. वगार गेली.  वैनी शांतपणे म्हणाल्या, "पावणं, तुमी माझ्या बाजूचं का त्यांच्या, ते तरी सांगा." तुमच्याच, म्हणायला मी तोंड उघडलं. मालकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप बस.

आबांनी तंबाखू तोंडात टाकली. "अध्यक्ष, बैलगाड्यात आमी काय करतो ठावं हाय? आदत, दुसा, चौसा. जबडा उघडायचा, दात बघायचं. पक्का दात न्हाई तो आदत, दोन आलं तो दुसा, चार आलं तो चौसा. बैल केवढा दिसतोय ते बघत न्हाई. पेंड खाऊन माजलेला दुसा बी दुसाच, आन् नांगराला जुंपून वाळलेला बी दुसाच. जनावर कवा जन्मलं त्ये खरं. हिची गाडी कंपनीत सव्वाशेची जन्मली. दूध वाहून झिजली, म्हणून बोअर केली. त्यात तिचा काय गुन्हा?"

"आबा, बैलाचा दात बैलाच्या तोंडात असतो," अध्यक्ष म्हणाला. "उद्या कुणी सव्वाशेची बोअर करून दीडशेची केली तर? धरणार कशी? हद्द पायजे की कायतरी."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. परत सगळे माझ्याकडं. घोळ मीच घातलेला. म्हणालो, "बाजारात त्या गाडीचा कंपनीचा शेवटचा पिस्टन मिळतो, तिथवर चालू द्या. शंभरच्या पुढं गेली, तर वरच्या गटात. जिंकलेल्या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून माप घेऊ."

आबांनी मान डोलावली. अध्यक्षानं जरा विचार केला आणि फळ्यावर लिहिलं. वैनी उठता उठता म्हणाल्या, "आदी पाडायचं आन् मग उचलायचं, ही कुठली रीत तुमच्या भंडाऱ्याची?" पण म्हणताना हसत होत्या. त्या रात्री मला कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

आपण पोरांना काय शिकवून आलो, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुकान उघडलं तर दारात नव्या गाड्यांची रांग. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि म्हणणं एकच, "शंभरचा टाका."

"अरे, झिजली न्हाई, धूर न्हाई, चांगलं इंजिन कशाला फाडता?" मालकांनी विचारलं.

"नियमात बसतंय की!" सगळ्यात पुढं अध्यक्ष स्वतः.

"त्यानं पळायचा फरक पडत नाही जी," मी म्हणालो. "असला तर चिमूटभर."

"पावणं, चिमूटभरच पायजे."

मालकांनी समजावलं, ओरडले, शेवटी हात टेकले. माझ्याकडं बघून म्हणाले, "गट तू पाडलास, आता भोकं बी तूच पाड." शर्यतीपर्यंत मशीन थंड झाली नाही. गाडी देताना प्रत्येकाला मी विनवून सांगत होतो की पिस्टन नवा आहे, बोअर नवं आहे, काही दिवस हळू चालवा, रनिंग झाल्याशिवाय पिळू नका, इंजिन जाम होईल. दोघांची एकमेकांशी ओळख व्हायला वेळ लागतो, असंही म्हणालो. त्यावर एकानं उत्तर दिलं, "शर्यत रविवारी हाय भावा. वळख मैदानातच करून देऊ."

रविवारी रान माणसांनी भरलं. हलगी कडाडत होती. वैनींनी साडीचा काचा मारलेला, वर नवऱ्याचा फुल शर्ट, पायात गमबूट, डोक्यावर भाच्याचं हेल्मेट. किटल्यांचे हूक तेवढे काढून ठेवलेले. नवरा लांब लिंबाच्या झाडाखाली पाठ करून उभा, बघवत नाही म्हणून.

निशाण पडलं आणि नव्या गाड्या सुटल्या. खरंच सुटल्या. पहिल्या फेरीत वैनी पार मागं, धुळीत दिसतही नव्हत्या. माझ्या मनात आलं, झालं, हाही आपलाच प्रताप. वैनींसाठी सवलत काढली आणि ती पोरांच्या हातात दिली.

मग दुसऱ्या फेरीत वळणावर एका गाडीचा आवाज मध्येच तुटला. मागचं चाक कचकन धरलं, गाडी फरफटत बाजूला गेली. मला ऐकूनच समजलं. थोड्या वेळानं दुसरी. मग उतारावर तिसरी. मालक माझ्या कानाशी म्हणाले, "वळख झाली म्हणायची." अध्यक्षाची गाडी तर ऐन ढिगाऱ्याच्या माथ्यावर जाम झाली. तो वर बसून किक मारतोय, पण किक खाली जाईना, आणि मागून वैनी आल्या.

"सरक की, अध्यक्षा! गणपतीगत काय बसलायस?"

वैनींचं चालवणं बघण्यासारखं होतं. पोरं उडी मारून आपटायची. वैनी ढिगारा असा चढायच्या आणि असा उतरायच्या, की किटल्या असत्या तरी थेंब सांडला नसता. गाडी हवेत जातच नव्हती, म्हणून वेळही फुकट जात नव्हता. आता पुढं एकच पोरगा उरला. बापानं नव्या गाडीचं इंजिन खोलू दिलं नाही म्हणून वाचलेला. शेवटच्या ढिगाऱ्यावर त्यानं लोकांना दाखवायला उंच उडी घेतली आणि भलताच लांब जाऊन पडला. तो गाडी सावरून वळेपर्यंत वैनी आतल्या अंगानं निघून गेल्या. माणसं अशी ओरडली की हलगीवाला वाजवायचा थांबला.

मी पण ओरडलो. आणि मग बघितलं, तर जाम गाड्या ढकलत पोरं माझ्याकडंच येत होती.  इथून पळायचं तर कुठं, गाव आठशे किलोमीटर लांब. अध्यक्ष पुढं आला, तोंड मातीनं भरलेलं, फक्त दात दिसत होते.

"काय पावणं!"

मालक मध्ये उभे राहिले. "त्यानं सांगितलं हुतं का न्हाई?"

"सांगितलं हुतं की! कान धरून सांगितलं हुतं." अध्यक्ष मटकन खाली बसला आणि हसायला लागला. मग दुसरा हसला, आणि मग सगळेच एकमेकांची गाडी कुठं अडकली ते सांगत लोळायला लागले. "थंड झाल्या की सुटतील, उद्या खोलून बघू," मालक म्हणाले. मी तिथंच धुळीत बसलो आणि किती तरी वेळ उठलो नाही.

पण माप बाकी होतं. वैनींच्या गाडीचं हेड मी सगळ्यांसमोर उघडलं. पिस्टन माझ्याच हातानं बसवलेला, माप मला पाठ होतं, तरी भोक मोजायचा गेज दोनदा लावून बघितला.  वैनी हेल्मेट काखेत धरून माझ्या हाताकडं बघत होत्या. पन्नासचा. मी गेज मालकांना दिला, मालकांनी अध्यक्षाला दाखवला.

"आकडा नगं सांगू," आबा म्हणाले. "बसतंय का न्हाई?"

"बसतंय," अध्यक्ष म्हणाला. "वगार वैनींची."

लगेच पुढच्या वर्षीचा वाद सुरू झाला. एक म्हणाला, नव्या गाड्यांचा गट वेगळा करा. दुसरा म्हणाला, रोज कामावर जाणाऱ्या गाड्यांचा वेगळा. आबा म्हणाले, सरळ दातच बघा. वैनी कासरा सोडवत म्हणाल्या, "काय बी करा, मला तेवढं खुल्यात घाला."

हेड परत बसवून होईपर्यंत उन्हं उतरली. वगार हलगीला बुजलेली, एक पाऊल टाकेना. शेवटी वैनी पहिल्या गिअरमध्ये पुढं, त्यांच्यामागं कासरा धरून मी, आणि वगारीला मागून ढकलत त्यांचा नवरा, असे आम्ही पाणंदीनं निघालो. दारोदारची माणसं बाहेर येऊन बघत होती. "वैनी, पावण्याला जुंपलंय काय?" कुणीतरी ओरडलं.

गोठ्यात दावण नवी होती. म्हणजे वैनींनी आधीच बांधून घेतली होती. नवऱ्यानं घाम पुसत विचारलं, "किती दूध देईल गं ही?"

"आदी मोठी तर हू दे तिला! आजच धार काढायला बसतोयस?"

मग माझ्याकडं वळून त्यांनी ओल्या वैरणीची पेंडी पुढं केली. "घाला पावणं. पयला घास तुमच्या हातचा."

मी पेंडी सोडली. वगारीनं आधी माझ्या शर्टाची बाही चाटली, ग्रीसचा वास लागला म्हणून नाक फेंदारलं, आणि मग वैरणीला तोंड लावलं.