सरकारी झगा

लुगडं सोड, असं खालानं सांगितलं तेव्हा कचेरीच्या ओसरीवर ऊन आलं होतं. दार उघडंच होतं. बाहेर दोन जवान पाठ करून उभे. त्यातला एक मधूनमधून मान वळवत होता.

खाला म्हणजे तालुक्याच्या कचेरीत बायका कैद्यांवर पहारा करणारी म्हातारी. तिला मराठी कळे; तिची बोली मला हातवाऱ्यांवरून समजे. तिनं लुगडं घेतलं, चोळी घेतली. मग गळ्यातल्या काळ्या पोतीला हात घातला.

"दादला जिता हाय माझा," मी म्हणाले.

"हुकूम है बेटी. डोरी नक्को बोले."

पोत निघाली.

तिनं गोणपाटाचा झगा दिला. बिनबाह्यांचा, दुहेरी, दाभणानं बोटाबोटावर टिपलेला. नाडी नाही, काठ नाही. अंथरूणही तसंच. ओढून पाहिलं, फाटत नव्हतं. आधी एक बाई याच खोलीत लुगड्यानं लटकली होती. तेव्हापासून, ज्याच्या कागदावर 'जीव देईल' असं लिहिलं जाई, त्याला हे कपडे.

मी जीव देणार नव्हते.

घडलं ते एवढंच. आमची वस्ती घाटनांदूरजवळ. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. माझ्या चार शेळ्या मालकांच्या कुरणात शिरल्या. मालक म्हणजे गावचे जमीनदार. त्यांच्या माणसांनी शेळ्या कोंडवाड्यात घातल्या. दोन दिवस पाणी दाखवलं नाही. मी कोंडवाड्याचा अडसर मोडला. मला धरून तालुक्याला आणलं. शेळ्या तिथंच राहिल्या. फैसला लांबला तर त्यांचा लिलाव होणार होता. आणि जीव द्यायला निघालेल्या बाईची जबानी कुणी धरत नाही.

जबानी लिहिणारा मोहरीर उर्दूत लिहायचा. त्याला मराठी कळत नव्हती. दुभाषे म्हणून मालकच बसले. फिर्यादी तेच, दुभाषे तेच. कुणाला ते खटकलं नाही. मलाही नाही.

"अडसर कावून मोडलास?" मालकांनी विचारलं.

"शेळ्या तान्हेल्या व्हत्या. मी शेळ्यांवर लई जीव टाकते, मालक."

मोहरीरानं 'जीव' एवढाच शब्द उचलला आणि लेखणी थांबवली. "जान देती बोलती?"

मालक हसले. "जी हां."

ते काय बोलले, मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी खाला म्हणाली, "बकरी के वास्ते कोई जान देता क्या, पगली?" मी नेमकं काय बोलले होते ते तिला सांगितलं. ती हसायला लागली. मग थांबली.

"तेरे मालक को मराठी नै आती?"

येत होती. घरात तीच बोलत.

मी रडले नाही. गोणपाट घासून काखेत रक्त आलं होतं, तेही दुखत नव्हतं. माझं बोलणं ज्याच्या तोंडून जातं, तो माझ्या अंगावरचं लुगडंही उतरवू शकतो, एवढं कळलं.

चौथ्या दिवशी तहसीलदारांपुढे पेशी. त्याच झग्यात. पिंढऱ्या उघड्या. ओसरीवर गावची माणसं बसलेली.

"पोतं चालत आलं बे," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मालक दुभाषे म्हणून पुढं आले.

"हे न्हाईत पायजे," मी म्हणाले. "खाला सांगल."

मालकांनी ते तहसीलदारांना सांगितलं नाही. मी पुन्हा बोलले. पुन्हा. तिसऱ्यांदा तहसीलदारांनी मान वर केली आणि दाराशी उभ्या खालाला विचारलं, ही काय म्हणते. खालानं सांगितलं. अडसराचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, शेळ्यांवर जीव टाकण्याचा अर्थ सांगितला.

तहसीलदारांनी मोहरीराला फटकारलं. मालकांना काही म्हणाले नाहीत. मला सोडलं. दोन शेळ्या तोवर मेल्या होत्या. दोन मिळणार होत्या.

मोहरीरानं लुगडं पुढं केलं. सोबत एक कागद.

"तेरी जान की हिफाजत के वास्ते कपडे लिए, ऐसा लिखा है," खाला म्हणाली. "अंगूठा दे."

"माझा जीव न्हाई राखला. तुमची नोकरी राखली. अंगठा देत न्हाई," मी मोहरीराकडं बघत म्हणाले.

"फिर कपडे नै मिलेंगे बोलते."

मी तशीच पायऱ्या उतरले. मागून जवान ओरडला, "ए बाई, झगा सरकारी हाय!"

"या, काढून घ्या," मी म्हणाले.

ओसरीवर गर्दी होती. पुढं कुणी आलं नाही. भर दुपारी, भर रस्त्यानं मी घाटनांदूरची वाट धरली.

आता मला कचेरीतली उर्दू कळते. पेशीच्या दिवशी मी कचेरीच्या दारात बसते. आमच्या वस्तीतलं कुणी आत उभं असलं आणि मालक दुभाषे म्हणून उठले, की मीही उठते.