काजळ्याच्या पोटाला मानवलेला घास

"त्येच्या पोटाला इचारा," असं सिद्धू म्हणायचा. कुत्रं शिळी भाकरी खातं का, हाड टाकू का, कुणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. मुंडाशाचं टोक मागं टाकायचा आणि उसाच्या फडाकडं वळायचा.

सिद्धू म्हसवडकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली. काही चाऱ्यावाचून बसली ती उठलीच नाहीत, उरलेली त्यानं मिळेल त्या हातात सोडली. अंगावरचं घोंगडं आणि मागून चालणारा काजळ्या कुत्रा, एवढं घेऊन तो उंब्रजला उतरला आणि मनुबाईच्या उसाची राखण करू लागला.

मनुबाई घरात एकटी. मालक देवाघरी गेलेले, मुलगा हंबीरराव पलटणीत, पार वर बर्फाच्या मुलखात. वाढायचं ते आपलंच एक ताट. म्हणून दारात कुत्रं येऊन बसलं तेव्हा तिच्यापेक्षा तिच्या हाताला आनंद झाला.

तिच्या घरची रीत अशी, की तोंड गोड केल्याशिवाय दारातून कुणी जायचं नाही. उसाचा गाव तो, गुळाला काय तोटा! बेंदराच्या सणाला तिनं काजळ्यापुढं तुपात भिजवलेली पुरणाची पोळी टाकली. कुत्र्यानं ती मान राखून खाल्ली, आणि मग कुंपणाशी असं पडलं की माशी हाकलायलाही शेपूट हलेना. ताकावरची निवळ आणि तांदळाची पेज पाजत सिद्धू उशाशी बसून राहिला. तो रागावला असता तर बरं, असं मनुबाईला वाटलं.

तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. या मुक्या जिवाला मानवेल असा एक घास आपल्या हातनं द्यायचा. सडकेवरच्या हॉटेलातनं तिनं खारी आणली, ती त्यानं ओकून टाकली. सुकं खोबरं दिलं, ते काजळ्यानं मातीत पुरलं. उकडलेलं अंडं आधी पचलं, मग बाधलं. म्हशीच्या दुधाचं तर नावच नको. शेजारची रंगूबाई कट्ट्यावरनं म्हणायची, एवढं कुणी जावयाचं करत न्हाई. मनुबाई हसून घ्यायची आणि आत जाऊन फडताळ धुंडाळायची. फडताळात हंबीररावासाठी वळलेले लाडू असायचे. तो येतो म्हणायचा, रजा मिळायची नाही, लाडू खवट व्हायचे.

पेज काजळ्या प्यायचा. पण पेज म्हणजे औषध. खाताना डोळे मिटावेत असं काहीतरी तिला हवं होतं.

एकदा शेंगा फोडता फोडता सिद्धूनं आपण होऊन सांगितलं. काजळ्या एवढासा असताना त्याच्या आईला लांडग्यानं नेलं. मग सिद्धूनं त्याला मेंढीच्या दुधावर वाढवला. त्यात बाजरीची भाकरी कुस्करायची आणि बोटानं चाटवायची. मेंढरं गेली आणि पोटाचं हे असं झालं.

"पोट बिघडल्यालं न्हाई, आक्का," तो म्हणाला. "वाट बघतंय."

कुणाचं पोट आणि कुणाची वाट, हे मनुबाईनं विचारलं नाही.

दिवाळी सरली की माणदेशाची मेंढरं पाटणच्या वाटेनं कोकणात उतरायला निघतात. सडकेवर घंटा वाजल्या की सिद्धू फडात शिरायचा, तो मेंढरं पुढं गेल्यावरच बाहेर यायचा. हे ठाऊक असूनही मनुबाईनं त्या साली मेंढरांच्या म्होरक्याला, तात्याबाला, निरोप धाडला. भुईमूग निघालाय, रान मोकळं हाय, मेंढरं बसव. रानात मेंढरं बसली की लेंड्यांचं खत पडतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावतात आणि बदल्यात धान्य घालतात. मनुबाईचा जीव खतात नव्हता. तिला पेलाभर दूध हवं होतं.

सकाळी ती स्वतः पेला घेऊन रानात गेली. दुधात भाकरी कुस्करली, तळहातावर घेतली. काजळ्यानं वास घेतला आणि तो जागच्या जागी थरथरला. मग खाल्लं. तळहात चाटला, बोटांच्या बेचक्या चाटल्या, आणि डोळे मिटले. मनुबाईनं हात कितीतरी वेळ तसाच धरला.

दिवस कलला तरी कुत्र्याला काही बाधलं नाही. पण ते दारातही परतलं नाही. मेंढरांना एक वळसा घालून ते वाऱ्याकडं तोंड करून बसलं, राखणीच्या कुत्र्यानं बसावं तसं. त्याला आणायला सिद्धूला फडातनं बाहेर यावंच लागलं. मेंढरांत शिरला तो वाकूनच. एक कोकरू लंगडत होतं. त्यानं ते उचललं, खुरातला काटा काढला. तात्याबानं वर न बघताच सांगितलं, की घाट उतरायला एक माणूस कमी पडतोय.

सिद्धू मनुबाईपुढं येऊन उभा राहिला. कोकरू अजून त्याच्या हातात होतं.

"ऊसतोड हुईपतूर राखण करतो म्हणलोय मी, आक्का," तो म्हणाला.

शब्दाला जागणारा गडी. ती नुसती 'व्हय' म्हणाली असती तर तो राहिला असता, कुत्रंही राहिलं असतं. मनुबाईनं आपल्या तळहाताकडं पाहिलं.

"त्येच्या पोटाला इचारलं मी," ती म्हणाली. "तुज्याबी पोटाला इचारल्यागत झालं. जा बाबा. ऊस काय पळून जात न्हाई."

दुसऱ्या सकाळी तिनं त्याला शिदोरी बांधून दिली, कोरड्या बाजरीच्या भाकरीची. दारातून जाणाऱ्याच्या हातावर गोड न ठेवण्याची तिची ती पहिली वेळ.

मेंढरं हलली. मागं सिद्धू, खांद्यावर घोंगडं; काजळ्या कडेकडेनं. वळणावर सिद्धू थांबला तशी तिनं मान उंचावली. पण तो मागं राहिलेलं कोकरू उचलत होता. मनुबाई बांधावर उभी होती. धूळ खाली बसली, घंटा ऐकू येईनाशा झाल्या, घोंगडं कुठलं आणि मेंढरू कुठलं ते कळेना. रंगूबाईनं परड्यातनं हाक मारली, चूल विझलीया म्हणून. मनुबाई पाटणच्या वाटेकडं बघत तशीच उभी राहिली.